नवख्यांसाठी राखीव

ऑफिसात सगळे तिला मुकादमबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागेही इतक्या मोठ्यानं, की तिला ते केव्हाच कळलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसांची मोट बांधणं म्हणजे तागडीत बेडकं तोलणं. एकाला बसवावं तर दुसरा उडी मारतो. ती मोट तिनं बरीच वर्षं बांधून ठेवली होती, मग तिला दुसरं काय म्हणायचं?

तिचा प्रोग्रॅम साधा होता, पण त्याच्यावर भार मोठा होता. धरणांच्या भिंतींत आणि डोंगरांच्या उतारांत जी मोजयंत्रं पुरून ठेवतात, त्यांचे आकडे तो वाचायचा, त्यांच्या रेषा काढायचा आणि सगळं ठीक असलं की पडद्यावर हिरवा दिवा लावायचा. फुकट होता. कुणीही वापरावा, कुणीही दुरुस्त करावा. वेगवेगळ्या संस्थांतली मूठभर माणसं आपापली नोकरी सांभाळून तो चालता ठेवत, आणि वर्षातून एकदा सगळे एका छताखाली जमून कार्यशाळा भरवत. जुनी माणसं नवख्यांना शेजारी बसवून प्रोग्रॅममधल्या चुका दुरुस्त करायला शिकवत. खोल्या, जेवण, इंटरनेट, कुणाला वरची खाट चालत नाही आणि कोण घोरतो, हे सगळं मुकादमबाईच्या गळ्यात.

यंदा जागेचा प्रश्न चुटकीसरशी सुटला होता. तिचे धाकटे दीर एका मातीच्या धरणावर इंजिनिअर होते; ती त्यांना भाऊजी म्हणे. भिंतीच्या पायथ्याशी कर्मचाऱ्यांची वसाहत आणि वसाहतीला लागून सरकारी विश्रामगृह. "वहिनी, खोल्या नुसत्या धूळ खात पडल्यात," ते म्हणाले होते. "माणसं आली तर आम्हालाही चार चेहरे दिसतील." शिवाय ते धरण हिचाच प्रोग्रॅम वापरायचं. नवख्यांना खरी यंत्रं दाखवता येतील, खरे आकडे हाताळता येतील. दुधात साखर म्हणतात ती हीच, असं तिला वाटलं.

आता ते आठवलं की ती साखर अजून तिच्या दाढेत कचकचते.

कार्यशाळेचा एक कायदा होता आणि तो मुकादमबाईनंच केलेला होता. लोकांच्या तक्रारी येत, त्यातल्या सोप्या बाजूला काढायच्या आणि त्यांवर निळी पट्टी लावायची: "नवख्यांसाठी राखीव." पट्टी लागली की जुन्या माणसांनी त्या कामाला हात लावायचा नाही. चूक दिसत असली तरी नाही, दोन मिनिटांत सुटणारी असली तरी नाही. नवखा माणूस पहिल्याच दिवशी स्वतःच्या हातानं काहीतरी दुरुस्त करतो, तेव्हाच तो टिकतो. हा कायदा करावा लागला तो मास्तरमुळे. मास्तर म्हणजे तिचा सगळ्यात जुना सहकारी, कॉलेजात शिकवणारा, हुशार आणि चुळबुळ्या. एका वर्षी कार्यशाळेच्या आदल्या दिवशी त्याला चैन पडेना, म्हणून त्यानं सगळी सोपी कामं एकट्यानं उरकून टाकली. दुसऱ्या दिवशी नवखी मंडळी लॅपटॉप उघडून एकमेकांची तोंडं बघत बसली. मुकादमबाईनं मास्तरला सगळ्यांसमोर असं झापलं, की पुढं वर्षभर तो तिच्याशी फक्त कामापुरतं बोलला.

तर यंदाही निळ्या पट्ट्या लागल्या. त्यातली एक लागली ती 'परसबाग' नावानं आलेल्या तक्रारीवर. तिथं बहुतेक लोक टोपणनावानंच लिहीत. मजकूर छोटासा होता: "आमच्या इथं कुंपणाजवळच्या नळीतून पाणी वर येऊन सांडतंय. पण प्रोग्रॅममध्ये त्या नळीची रेषा अगदी सरळ दिसते. असं कसं?" सोबत आकड्यांची फाइल जोडलेली होती.

मुकादमबाईनं ती फाइल उघडली नाही. कशाला उघडायची? तिला चूक कुठं आहे ते वाचल्या वाचल्या कळलं होतं. फार वर्षांपूर्वी तिनंच एक नियम लिहिला होता. भिंतीच्या मातीत खोल उतरवलेल्या नळ्या असतात, आतल्या पाण्याचा दाब मोजायला. वीज कडाडली की ही यंत्रं वेड्यासारखे आकडे ओकायची आणि धरणाधरणांवर भोंगे वाजून झोपलेली माणसं उठायची. म्हणून तिचा नियम: पाणी नळीच्या तोंडापेक्षाही वर चढलंय असं सांगणारा आकडा आला, की ती यंत्राची बडबड समजायची. आकडा फेकून द्यायचा आणि त्याच्या जागी आधीचा शहाणा आकडा लावायचा. भोंगे थांबले. लोकांनी तिचे आभार मानले. एका इंजिनिअरनं तर लिहिलं होतं, "बाई, तुमच्यामुळे झोप लागते." आता तो नियम जरा सैल करायचा, एवढंच काम. नवख्यासाठी याहून गोड काम कुठलं? तिनं पट्टी लावली आणि खाली लिहिलं, "छान शोधलंत! हे कार्यशाळेसाठी ठेवतो आहोत."

दोनच दिवसांत परसबागेचं उत्तर आलं. "हे काम मी करू का? थोडंफार शिकलेय घरीच. जमेल असं वाटतं."

बाईला हसू आलं. नवखी दिसते. "उत्साह आवडला," तिनं लिहिलं, "पण नियम म्हणजे नियम. कार्यशाळेला या, आपण शेजारी बसून करू." शेवटी एक हसरा चेहरा टाकला. मग जेवणाच्या कंत्राटदाराचा फोन आला आणि ती परसबागेला विसरली.

मधल्या काळात तिची धाकटी जाऊ फोन करायची. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. लग्नाआधी शाळेत गणित शिकवायची; धरणावर आल्यावर शाळा सुटली आणि वसाहतीतल्या चार भिंतींत ती कोंबडीसारखी येरझारा घालू लागली. मग तिनं परसदारी भाजीपाला लावला आणि बोलायला विषय मिळाला.

"वहिनी, यंदा भोपळ्याचा वेल बघाल तर बघत राहाल. पाणी घालावंच लागत नाही. जमीन आपली आपण ओली."

"मजा आहे बाई तुझी. आम्ही कुंडीतल्या एका रोपाला रोज विनवण्या करतो."

"नाही पण खरंच. यांना म्हटलं, कुठंतरी पाईप फुटला असेल. हे म्हणाले, प्लंबरला सांगतो. प्लंबर काही येत नाही. मी म्हटलं न येईना, माझा भोपळा तरी पोसतोय." मग हसून हळूच, "आणि वहिनी, कार्यशाळेला मी तुम्हाला एक गंमत दाखवणार आहे. आत्ता विचारू नका."

मुकादमबाईनं विचारलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं तेव्हा खाटांचा हिशेब होता. तलाव यंदा काठोकाठ भरलाय, दरवाजांवरून पाणी उतू जाईल की काय असं वाटतं, असं धाकटी पुढं म्हणाली, तेही हिनं "हो का?" म्हणून ऐकलं. दिव्याखाली अंधार असतो हे म्हणायला सोपं आहे. दिवा जर आपणच लावलेला असेल, तर खाली वाकून बघायला कुणाची मान वळते?

कार्यशाळा परवावर आली तेव्हा बाईनं रिवाजाप्रमाणे रंगीत तालीम घेतली. राखीव कामं एकेक करून, आपण अगदीच कोरे आहोत असं समजून, करून पाहायची. कुठं अडतं ते टिपायचं, म्हणजे नवख्याला नेमका धागा हातात देता येतो. हे काम ती नेहमी एकटी करी. दुपारची वेळ होती, ऑफिस जेवून सुस्तावलं होतं. शेजारच्या टेबलावर पाहुण्यांच्या गळ्यात घालायच्या नावांच्या पट्ट्या आणि लांबच लांब वायरींची भेंडोळी पडली होती.

परसबागेच्या कामाची पाळी आली. बाईनं फाइल उघडली. नळीची रेषा सरळ होती; टेबलाच्या कडेसारखी सरळ. मग तिनं आपल्या स्वतःच्या प्रतीतून तो जुना नियम पुसला आणि त्याच आकड्यांची रेषा पुन्हा काढली.

रेषा उठून उभी राहिली.

वीज पडल्यावर आकडा एकदा उसळतो आणि लगेच खाली बसतो. हे तसं नव्हतं. ही रेषा आठवड्यामागून आठवडे सावकाश, न थकता चढत होती. तलाव भरत होता तशी चढत होती, आणि तलाव भरून थांबल्यावरही थांबली नव्हती. बाईला आधी वाटलं आपलं काही चुकलं. तिनं पुन्हा काढली. मग फाइलच्या माथ्यावर धरणाचं सांकेतिक नाव होतं ते वाचलं.

ते भाऊजींचं धरण होतं. कुंपणाजवळची नळी. ओली जमीन. पाणी न घालता पोसलेला भोपळा.

तिनं धाकटीला फोन लावला.

"अगं, तुझ्या कुंपणाजवळ एक लोखंडी नळी आहे का?"

पलीकडून खळखळून हसू आलं. "ओळखलंत का शेवटी? परसबाग मीच! वहिनी, तुमच्यासमोर बसून ते काम करून दाखवणार होते मी. यांच्याकडून आकडे मागून घेतले, रोज दुपारी बसून शिकले. म्हटलं, वहिनींना कळू द्यायचं नाही."

"ते राहू दे. नळीतून पाणी येतंय ते कसं आहे? स्वच्छ आहे?"

"आधी अगदी नितळ होतं. कालपासून चहासारखं झालंय. आणि तळाशी बारीक माती बसते. का हो?"

पाणी नितळ झिरपतं तोवर धरण घाम गाळत असतं. पाणी गढूळ झालं की धरण आतून स्वतःलाच धुऊन काढत असतं. हे ती दर कार्यशाळेत पहिल्या तासाला सांगत आली होती, फळ्यावर चित्र काढून.

"नीट ऐक. गॅस बंद कर, चप्पल घाल आणि बाहेर पड. शेजारपाजारच्या सगळ्यांना घे. समोरच्या टेकडीवर शाळा आहे ना, तिथं जा. काही बरोबर घेऊ नकोस."

"वहिनी, अहो पण झालंय काय?"

"माझं ऐकतेस ना? मग निघ."

"निघते," धाकटी म्हणाली. हसू पार विरून गेलं होतं.

भाऊजींचा फोन दोनदा वाजून बंद झाला, तिसऱ्यांदा लागला. ते शांत माणूस, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, माझ्यासमोर तुमचाच प्रोग्रॅम उघडा आहे. हिरवा दिवा आहे."

"तो खोटं बोलतोय भाऊजी. मी शिकवलंय त्याला तसं बोलायला."

"असेलही. पण दरवाजे सगळे उघडायचे म्हणजे खालची गावं पाण्याखाली. वरून हुकूम लागतो. वरचे साहेब काय बघणार? हाच पडदा. पूर्वी आमचा माणूस रोज पायथ्याशी हिंडायचा, तो असता तर त्याच्या शब्दावर उघडले असते. प्रोग्रॅम आला तशी ती जागा गेली. आता माझ्याकडे दाखवायला काय आहे? तुमचा शब्द?"

त्यात टोमणा नव्हता. खरं तेच ते सांगत होते, आणि बाईला ते लखलखीत दिसलं. ती इतकी वर्षं या माणसांना सांगत आली होती, माणसाच्या डोळ्यावर जाऊ नका, आकड्यावर जा. त्यांनी ऐकलं होतं.

आता पडदाच बदलायला हवा होता. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती निघाली की धरणांवरचे संगणक ती आपोआप घेत. पण कुणाही एकाच्या मर्जीनं आवृत्ती निघत नसे. दुसऱ्या जुन्या माणसाची संमती लागायची. हाही कायदा तिचाच. तिनं एक ओळ पुसली, बदल पाठवला आणि मास्तरला लिहिलं: "आत्ताच्या आत्ता संमती दे."

उत्तर लगेच आलं. मास्तरला वर्षानुवर्षं वाट पाहून अखेर संधी मिळाली होती. "अरेरे! निळी पट्टी दिसत नाही का? जुन्या माणसांनी हात लावू नये, असा एका थोर बाईंचा फतवा आहे. चूक दिसत असली तरी नाही."

बाईला आयुष्यात कुणाचा इतका राग आला नव्हता, आणि तो राग मास्तरवर नाही हेही तिला त्याच क्षणी कळलं. उभ्या राहिलेल्या रेषेचं चित्र तिनं त्याला पाठवलं आणि खाली धरणाचं नाव लिहिलं.

मास्तरचा फोनच आला. "परवा आपण जिथं जमणार आहोत तेच ना हे?"

"तेच."

"दिली संमती. बाई, काहीजण आजच निघालेत. त्यांना मी थांबवतो. तू तिकडचं बघ." एकही विनोद न करता मास्तरनं फोन ठेवला, तेव्हा बाईची पाचावर धारण बसली.

ती भाऊजींच्या फोनवर कान लावून बसली. पलीकडं पंख्याची घरघर, खुर्चीची कुरकुर. मग तीही थांबली.

"आली का नवी आवृत्ती? भाऊजी?"

"आली." खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. "अरे देवा. वहिनी, हे कधीपासून असं आहे?"

या प्रश्नाला उत्तर होतं. तारखेसकट होतं. बाई परसबागेच्या तक्रारीवरची तारीख बघत राहिली.

"बरं," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा सरळ झाला होता. "हुकूम नंतर मागतो. भोंगा लावतो आणि दरवाजे उघडायला जातो. मोटर बऱ्याच दिवसांपासून दगा देतेय, हातानं फिरवावे लागतील. धाकटी कुठं आहे?"

"टेकडीवर निघाली. दुसऱ्या कुणाला पाठवा ना दरवाजांवर."

"कुणाला पाठवू?" ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

यापुढं बाईला करण्यासारखं काही उरलं नाही. इतक्या कामाची बाई, जिला दोन हात पुरत नसत, ती टेबलावर हात ठेवून बसून राहिली. कार्यशाळेसाठी भाऊजींनी धरणाची यंत्रं तिच्या संगणकालाही जोडून दिली होती; नव्या आवृत्तीत त्या नळीचे खरे आकडे थेट तिच्यापर्यंत येत होते, एकामागून एक, आणि रेषा चढत होती. ऑफिसातली माणसं एकेक करून तिच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. कुणीतरी पाण्याचा पेला ठेवला. कुणीतरी त्या नावांच्या पट्ट्या उचलून खोक्यात भरल्या.

धाकटीचा फोन आला. वारा आणि लहान मुलांची रडारड.

"पोचलो वहिनी. सगळे आलेत, बहुतेक सगळे. इथून भिंत पूर्ण दिसते. हे दिसतायत. दरवाजांच्या खोलीकडं पळतायत, आपल्याला तर वाटायचं यांना पळता येत नाही." ती हसायला गेली. "उघडतोय, एक दरवाजा उघडतोय. पाणी सुटलं! वहिनी, आता होईल ना सगळं ठीक?"

"होईल," बाई म्हणाली. तिचे डोळे रेषेवर होते. रेषा जराशी वाकल्यासारखी वाटली. उतरतेय का?

पुढचा आकडा आलाच नाही.

जुना नियम असता तर प्रोग्रॅमनं ती जागा आधीच्या शहाण्या आकड्यानं भरून काढली असती आणि रेषा सुखानं पुढं चालली असती. पण नियम तिनंच पुसला होता. रेषा जिथं होती तिथंच संपली. पुढं नुसता पांढरा पडदा. शेजारच्या नळीची रेषा तुटली. मग तिच्या शेजारची.

फोनमध्ये आधी काहीच नव्हतं. मग एक घरघर, जड आणि लांबची, आणि तिच्यावर माणसांचा एकच मोठा ओरडा. त्यात धाकटीचा आवाज बाईला ओळखू येईना.

"धाकटे? अगं बोल ना. भाऊजी दिसतायत का? धाकटे, भाऊजी दिसतायत का?"

घरघर चालूच राहिली. भोंगा मध्येच बंद पडला. किती वेळ गेला ते बाईला कळलं नाही. खुर्चीमागं उभं असलेलं कुणीतरी रडायला लागलं होतं.

मग धाकटी बोलली. ती ओरडली नाही, रडलीही नाही. वर्गात एखाद्या पोरानं उत्तर चुकवलं की त्याला समजावताना बोलायची, तशी सावकाश बोलली.

"वहिनी, मी तुम्हाला विचारलं होतं ना. मी करू का, म्हणून विचारलं होतं."